२८६ पानांचं मॅन्युअल मोबाइलवर आणताना

आमच्या पतसंस्थेच्या १४ शाखा आणि सगळ्यांसाठी कामकाजाचं मॅन्युअल एकच: वर्डमधलं, २८६ पानांचं. दर एप्रिलला ते ईमेलने शाखांना जायचं. एका दुपारी एका शाखेतून क्लार्क मुलीचा फोन आला. "मॅडम, ठेवीदार वारलेत, नॉमिनी लावलेला नाही, मुलगा समोर बसलाय. कोणते कागद घेऊ?" उत्तर पान १६३ वर होतं. तिने फाइल उघडून 'नॉमिनी' शोधलंही होतं. पण आम्ही सगळीकडे 'नामनिर्देशन' लिहिलेलं, त्यामुळे तिला काहीच सापडलं नाही. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. ते मला फार लागलं, आणि मी मॅन्युअल वेबवर न्यायला घेतलं. मी वाणिज्य शाखेची, प्रोग्रॅमिंग येत नाही. तुम्हालाही येत नसेल तर हे तुमच्यासाठी.

सुरुवातीला मोह होतो तो 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये जाऊन 'वेब पेज' निवडण्याचा. मीही ते केलं. २८६ पानांचं एकच लांबलचक पान तयार झालं आणि शेजारी चित्रांचा एक फोल्डर. 'वेब पेज, फिल्टर्ड' निवडलं तर वर्डचा आतला पसारा बराच कमी होतो, पण पान तेवढंच लांब राहतं. मोबाइलवर ते कुणी खाली सरकवत बसणार नाही. खरं काम वर्डमध्येच, रूपांतराच्या आधी करायचं असतं.

पहिलं काम मथळ्यांचं. आपल्याकडे मथळा म्हणजे अक्षर ठळक आणि मोठं करायचं, मध्ये आणायचं, झालं. डोळ्याला तो मथळा दिसतो, वर्डला मात्र ते साधंच वाक्य वाटतं. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'नॅव्हिगेशन पेन' सुरू करा. डावीकडे यादी येईल. माझ्या फाइलमध्ये दोनशेच्या वर मथळे होते आणि यादीत दिसले ९. बाकीच्यांना 'हेडिंग'ची स्टाइल द्यावी लागली: ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ म्हणजे प्रकरण, २ म्हणजे त्यातला विषय. एकेक करत बसू नका. एक खोटा मथळा निवडा, 'होम' टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट' आहे, त्यात 'सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर निवडा' अशा अर्थाचा पर्याय आहे. तसेच दिसणारे सगळे मथळे एकदम निवडले जातात, मग एकदाच स्टाइल द्यायची. हे झालं की डावीकडची यादी वरून खाली वाचा. नुसती ती वाचून मॅन्युअलमध्ये काय आहे ते कळलं, तर काम बरोबर झालं.

दुसरा प्रश्न आपल्या मराठीचाच. आमची जुनी प्रकरणं युनिकोडच्या (म्हणजे संगणक मराठी अक्षर मराठी म्हणूनच ओळखतो त्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेली होती. तुमची आहेत का ते ओळखायला एक परिच्छेद निवडा आणि फॉन्ट बदलून मंगल करा. मराठी जशीच्या तशी राहिली तर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला झाला तर ती नुसती मराठी दिसणारी इंग्रजी अक्षरं आहेत. वेबवर ती वाचता येणार नाहीत, शोधताही येणार नाहीत. अशी प्रकरणं कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढावी लागतात. मधे खरी इंग्रजी असेल तर ती बाजूला ठेवा, नाहीतर तीही मराठी समजून बदलली जाते.

कन्व्हर्टर ९५ ओळी नीट देतो आणि पाचात घोळ घालतो, म्हणून मुद्रितशोधन टाळता येत नाही. माझ्याकडे सगळ्यात जास्त बिघडलं ते 'ऱ्या'. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'शेतकऱ्याला'चं 'शेतकर्याला'. मी घाईने सगळ्या 'र्या'च्या जागी 'ऱ्या' घालायला 'रिप्लेस ऑल' दिलं आणि 'मर्यादा', 'कार्यालय', 'पर्याय' हे बरोबर असलेले शब्दही बिघडले. कंट्रोल-झेडने परत आले, पण तेव्हापासून हा बदल एकेक बघूनच करते. रफार, वेलांटी आणि कंस हेही तपासा. व्याजदर, मुदती आणि रकमा मात्र छापील प्रतीशेजारी ठेवून, दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावून ताडून घ्या. तिथे एक आकडा चुकला तर काउंटरवर सभासदाचं नुकसान होतं.

आता चित्रं, आणि इथे कृपा करून थांबा. वर्डच्या फाइलची प्रत काढून तिच्या नावाच्या शेवटचं 'डॉक्स' (docx) हे एक्स्टेन्शन 'झिप' (zip) करा आणि उघडा. आत 'वर्ड', त्याच्या आत 'मीडिया' फोल्डर, त्यात सगळी चित्रं सुटी मिळतात. ही सोय म्हणून मी केलं आणि हादरले. मॅन्युअलमध्ये सॉफ्टवेअरच्या स्क्रीनचे फोटो होते. सभासदांची नावं दिसू नयेत म्हणून कुणीतरी ते वर्डमध्ये कापले होते, काहींवर काळा चौकोन काढला होता. पण वर्डमध्ये कापलेला भाग लपतो, जात नाही, आणि काळा चौकोन हे चित्रावर ठेवलेलं वेगळं चित्र असतं. मीडिया फोल्डरमध्ये अख्खा मूळ स्क्रीन होता: नाव, खाते क्रमांक, शिल्लक, सगळं उघडं. आमची फाइल तशीच वर्षानुवर्षं ईमेलने फिरत होती. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये कापलेला भाग काढून टाकायचा पर्याय आहे, पण मी त्यावरही विसंबले नाही. सगळे स्क्रीन नमुना खात्यावर नव्याने काढले. त्याच बैठकीत 'रिव्ह्यू'मध्ये जाऊन जुन्या दुरुस्त्या स्वीकारून टाका आणि कॉमेंट्स पुसा. तिथेही अधिकाऱ्यांचं आपसातलं बोलणं दडलेलं असतं.

मग तुकडे. एक पान म्हणजे काउंटरवर येणारा एक प्रश्न, असं मी धरलं. 'मयत ठेवीदारांच्या ठेवींबाबत कार्यपद्धती' हा मथळा गेला आणि 'ठेवीदार वारले, नॉमिनी नाही: कोणते कागद घ्यायचे' हा आला. 'वसुली प्रमाणपत्र' याचं 'थकीत कर्जासाठी १०१ चा दाखला' झालं, कारण सहकार कायद्यातल्या त्या कलमाला सगळे 'एकशे एक' म्हणूनच ओळखतात. कायद्याचा नेमका शब्द काढू नका, तो मजकुराच्या पहिल्या वाक्यात ठेवा, म्हणजे दोन्ही शब्दांनी पान सापडतं. असे शब्द गोळा करायला मी आठवडाभर शाखांचे फोन स्वतः घेतले आणि विचारणाऱ्याचे शब्द वहीत जसेच्या तसे लिहिले. सगळ्या कामात याचाच उपयोग सर्वांत जास्त झाला.

'पान ४७ पाहा' असे उल्लेख शोधून तिथे दुवे द्या; वेबवर पान ४७ नसतं. सात रकान्यांचा तक्ता मोबाइलवर मावत नाही. आमचा कर्ज मंजुरीच्या अधिकारांचा तक्ता मी मोडून प्रत्येक पदाखाली दोन ओळी लिहिल्या. कागदपत्रांच्या याद्या परिच्छेदातून काढून एकाखाली एक केल्या.

पानं ठेवली गूगल साइट्सवर. फाइल आधी गूगल डॉक्समध्ये उघडायची, तिथून एकेक विषय कॉपी करून नव्या पानावर चिकटवायचा. हेडिंग नीट दिलेली असली तर मथळे तसेच येतात. चित्रं वेगळी चढवली. प्रसिद्ध करताना साइट कुणाला दिसणार ते निवडावं लागतं. आमचं मॅन्युअल अंतर्गत आहे, म्हणून फक्त कर्मचाऱ्यांची खाती जोडली.

सगळ्या शाखांना कळवण्याआधी मी ४० पानं त्याच क्लार्क मुलीच्या मोबाइलवर दिली आणि शेजारी गप्प बसले. पाच प्रश्न विचारले, तिने शोधायचं. ती अडकली की मला सांगावंसं वाटायचं, पण सांगायचं नाही. ती कुठे बोट ठेवते ते फक्त टिपायचं. 'तारण' या पानावर ती दोनदा गेली आणि परत आली, कारण तिला हवं होतं सोनेतारण. त्या पानाची मी दोन पानं केली.

प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटच्या बदलाची तारीख आणि विचारायला कुणाला फोन करायचा ते पद लिहिलं आहे. परिपत्रक आलं की बदल आधी तिथे होतो. वर्डच्या फाइलच्या नावात 'जुनी, वापरू नये' असं जोडून ती एकाच संगणकावर ठेवली, आणि या एप्रिलला ईमेलने फक्त दुवा गेला.