एक हात, एक बाजू: मॉडेल कारचा रंग रेकॉर्डच्या तालावर

मॉडेल कारचं पहिलं किट, म्हणजे सुटे प्लास्टिकचे भाग जोडून छोटी गाडी करायचा संच, बिघडतं ते बहुतेक वेळा रंगात, आणि रंग बिघडतो तो घाईने. पहिला हात अजून ओला असतो तोवर आपण दुसरा मारतो, मग दारावर ओघळ येतो, तो पुसायला जातो तर बोटाचा ठसा उमटतो आणि मग अख्खी बॉडी परत घासायला घ्यावी लागते. मी यावर बरेच उपाय करून बघितले, घड्याळ लावलं, मोबाईलचा टायमर लावला, पण टायमर चालू असताना माणूस तिथेच बसून बॉडीकडे बघत राहतो आणि शेवटी बोट लावतोच. रेकॉर्ड लावली की तसं होत नाही. एलपीची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू साधारण २० मिनिटांची असते आणि स्प्रे कॅनमधल्या लॅकर (भराभर वाळणाऱ्या) रंगाच्या दोन हातांमध्येही साधारण तेवढंच अंतर लागतं. म्हणून माझा नियम एवढाच, एक हात एक बाजू, बाजू संपेपर्यंत बॉडीला शिवायचं नाही.

आता उदाहरणाला गाडी कुठली घ्यायची तर मी १९३३ ची फोर्ड कूप (दोन दारांची गाडी) घेतो, झीझी टॉप या अमेरिकन रॉक बँडच्या १९८३ च्या 'एलिमिनेटर' अल्बमच्या कव्हरवरची लाल गाडी. बँडचा गिटारिस्ट बिली गिबन्सची स्वतःची हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदल केलेली जुनी गाडी, बॉडी फोर्डची, आत इंजिन शेव्हर्लेचं, आणि त्या अल्बममधल्या गाण्यांच्या व्हिडिओंमध्ये बँडइतकीच ती गाडी दिसते. मोनोग्राम या किट बनवणाऱ्या कंपनीने तिचं १/२४ स्केलचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं, किटही काढलं होतं. ते नाही मिळालं तरी अडत नाही, कुठलीही जुनी फोर्ड चालेल, १९३२ ची तर खूप मिळते. त्या १९३२ च्या गाडीला अमेरिकेत 'ड्यूस' म्हणतात, ड्यूस म्हणजे पत्त्यातली दुर्री, ३२ मधला शेवटचा २, आणि बीच बॉईज या बँडच्या १९६३ च्या 'लिटल ड्यूस कूप' गाण्यामधला ड्यूस तोच. फोर्डचं व्ही-८ इंजिन त्याच वर्षी आलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या पोरांनी अशा जुन्या स्वस्त फोर्ड घेऊन, मडगार्ड काढून, इंजिनं बदलून पळवल्या. गाड्यांचा आणि रॉक संगीताचा संबंध असा आधीपासूनचा आहे, त्यामुळे वर्कबेंचवर हे दोन्ही एकत्र येणं मला अगदी साहजिक वाटतं.

स्केलबद्दल दोन शब्द. अमेरिकन किट जास्त करून १/२५ असतात आणि टॅमियासारखी जपानी किट १/२४. बाजूबाजूला ठेवली तर फरक फारसा जाणवत नाही, पण एका किटची चाकं दुसऱ्याला लावायला गेलात तर जाणवतो.

सुरुवात भांडी घासायच्या लिक्विडने. सगळे स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, कोमट पाण्यात धुवायचे, कारण साच्यातून सुटायला लावलेलं तेल प्लास्टिकवर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही. मग बॉडी हातात घेऊन दिव्याखाली तिरकी धरा. मडगार्डवरून, छताच्या कडेवरून एक बारीक उंचवट्याची रेघ गेलेली दिसेल, साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथली. खऱ्या गाडीला अशी रेघ नसते. डोळ्याला नाही दिसली तर नख फिरवा, नखाला लगेच लागते. ४०० आणि मग ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून ती घालवायची, खड्डा असेल तर लांबी भरायची, वाळली की परत घासायची. हे कंटाळवाणं काम आहे आणि यालाच सगळ्यात चांगलं संगीत लागतं, मी इथे ऑलमन ब्रदर्स हा रॉक बँड लावतो, लांबलचक गिटार चालू असली की हातही आपोआप लयीत घासतो, जोर कमी लागतो आणि कडा झिजत नाहीत.

रंगाआधी एकदा सगळं न चिकटवता जुळवून बघा, बॉडी चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बसते का, बॉनेट लागतं का. रंगानंतर कळलं तर फार जीवावर येतं.

आता रंग. तारेचा हँगर वाकवून बॉडीच्या आतून टेपने पक्का करा म्हणजे धरायला दांडा होतो. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, कोमटच, गरम नाही आणि गॅसजवळ तर अजिबात नाही. कोमट कॅनमधून फवारा बारीक येतो. खिडकी उघडी, तोंडाला सॉल्व्हंटच्या वाफा अडवणारा कार्ट्रिजवाला मास्क, साधा कापडी चालत नाही. अंतर १५ ते २० सेंटीमीटर. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, कारण बटन दाबताना आणि सोडताना थेंब पडतात.

आधी अस्तर म्हणजे प्रायमर, आणि लाल रंगाखाली राखाडी नको. राखाडीवर लाल मळकट येतो, पांढऱ्यावर किंवा गुलाबीवर तो पेटल्यासारखा दिसतो. मग रंगाचा पहिला हात अगदी हलका, धुक्यासारखा, खालचं पांढरं दिसलं तरी दिसू दे. इथेच पोटात कालवतं, वाटतं अजून थोडा मारावा. नाही मारायचा. कॅन खाली ठेवा आणि रेकॉर्ड लावा.

याच्यासाठी एकाच गाण्याने अख्खी बाजू भरलेल्या रेकॉर्ड सगळ्यात छान, कारण मध्ये गाणं संपत नाही त्यामुळे उठायचं निमित्तच मिळत नाही. आयर्न बटरफ्लायचं 'इन-अ-गड्डा-द-विडा' १९६८ चं, साधारण १७ मिनिटं, हलक्या हाताला पुरतं. रशचं '२११२' वीस मिनिटांच्या आसपास. पिंक फ्लॉइडच्या १९७१ च्या 'मेडल' मधलं 'एकोज' २३ मिनिटांचं, ते मी रंगाच्या शेवटच्या, ओल्या हातासाठी ठेवतो. ऑलमन ब्रदर्सच्या फिलमोर ईस्टच्या लाईव्ह अल्बममध्ये चौथ्या बाजूवर 'व्हिपिंग पोस्ट' एकटंच आहे, तेही तेवढंच. रेकॉर्ड प्लेअर नसला तरी काय, मोबाईलवर लावा, मिनिटं तीच राहतात. पण गाणं ऐका, नुसतं चालू ठेवू नका. 'एकोज' च्या मधल्या त्या भागात, जिथे सूर जवळजवळ नाहीसा होतो आणि नुसते चित्कार आणि वारा उरतो, तिथे पहिल्यांदा माझं बॉडीकडचं लक्ष पूर्ण सुटलं होतं, आणि त्या दिवशीचा हात आजपर्यंतचा सगळ्यात साफ निघाला.

दुसरा हात थोडा भरीव, तिसरा ओला. ओला म्हणजे रंग पडल्यावर पृष्ठभाग क्षणभर आरशासारखा चमकला पाहिजे, पण वाहता कामा नये. त्यानंतर बॉडीवर एखादा डबा उलटा झाकून ठेवा, धूळ बसायला नको.

आपल्याकडचं एक सांगायलाच हवं. जुलैमध्ये ठाण्यात मी भर पावसात क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकाकीचा थर, मारला आणि दहा मिनिटांत लाल गाडीवर दुधासारखी साय आली. लॅकरमधलं सॉल्व्हंट भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं पाणी त्या ओल्या थरावर बसतं, त्याने ते पांढरं होतं. मी रडवेला झालो होतो, पण गाडी तशीच ठेवली, पाऊस उघडल्यावर एका कोरड्या दुपारी क्लिअरचा एक हलका हात परत मारला, त्यातल्या सॉल्व्हंटने खालचा थर मऊ झाला आणि साय निघून गेली. तेव्हापासून पावसाळ्यात मी इंजिन, चासी, सीट करतो आणि बॉडी दिवाळीनंतर.

अजून एक, लॅकरवर इनॅमल (हळू वाळणारा तेलकट रंग) चालतो पण इनॅमलवर लॅकर मारलात तर खालचा रंग सुरकुततो. हा क्रम लक्षात ठेवा.

रेकॉर्डची काळजीही घ्यायची. प्लेअर रंगाच्या खोलीत नको, उडालेला रंग सुईवर आणि रेकॉर्डवर बसतो, घासलेली पावडर तर खाचांमध्ये जाते. थिनरच्या हाताने रेकॉर्ड धरू नका. आणि स्पीकर वर्कबेंचवर ठेवू नका, बेस वाजला की टेबल थरथरतं आणि छोटी क्रोमची हँडलं सरकत सरकत खाली जातात, ती परत मिळत नाहीत.

रंग वाळला का बघायचं तर बॉडी नाकाजवळ न्या. वास येतोय तोवर वाळलेला नाही, मग आठवडा होवो नाही तर दोन. वास गेला की २००० च्या पुढचे वॉटर पेपर, मग पॉलिशिंग कंपाऊंड, मऊ कापड, कडांवर अजिबात जोर नाही.

इंजिन, चासीला मी इथे वेळ घालवत नाही, सूचनांच्या कागदाप्रमाणे करा. फक्त क्रोमचे भाग चिकटवताना जिथे जोड आहे तिथलं क्रोम ब्लेडने खरवडा, प्लास्टिकचा गोंद क्रोमवर धरत नाही. ग्रिलच्या पट्ट्यांमध्ये पातळ केलेला काळा ॲक्रिलिक सोडा आणि वरचा पुसून घ्या, चांदीचा सपाट तुकडा एकदम खरी जाळी वाटायला लागतो.

काचांना फेव्हिक्विक लावू नका, त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते आणि ती साफ करायला परत आत हात जात नाही. फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकावर घेऊन कडेला लावा, वाळला की पारदर्शक होतो. डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचं नक्षीचं स्टिकर, पाण्यात सुटला की बोटाने नाही, ओल्या ब्रशने सरकवत बसवा, आणि दोन्ही बाजूंची झेडची नक्षी एका रेषेत आहे ना हे समोरून बघा. मग 'एलिमिनेटर' ची पहिली बाजू लावा, डीकल सुकेपर्यंत गाडी उचलायची नाहीये.