चरांगोवर ल्यूटच्या काळातलं म्युझिक कसं वाजवायचं

चरांगो, म्हणजे गिटारसारखं छोटं तंतुवाद्य, म्हटलं की बोलिव्हिया-पेरूकडची धडाधड स्ट्रमिंगच (सगळ्या तारांवर एकदम हात फिरवणं) आठवते, पण त्याच्यावर 16व्या शतकातल्या ल्यूट (युरोपातलं जुनं तंतुवाद्य) आणि छोट्या गिटारचे पीस मस्त बसतात. आणि हे काही ओढूनताणून नाही बरं का. आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीत चांदी सापडली 1545 मध्ये, मुदारा नावाच्या स्पॅनिश वादकाचं म्युझिकचं पुस्तक स्पेनमधल्या सेव्हियात छापलं गेलं 1546 मध्ये, म्हणजे दोन्ही एकाच काळातलं, आणि स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलेल्या वाद्यांमधूनच पुढे चरांगो घडला.

आधी ट्यूनिंग. दहा तारा, पाच जोड्या, पाश्चात्य सुरांच्या नावांनी सांगायचं तर: पाचवी जी, चौथी सी, तिसरी ई, दुसरी ए, पहिली ई. तिसऱ्या जोडीत एक ई खालच्या सप्तकातला असतो, तो तसाच राहू द्या, पुढे लागेल.

सुरुवात रोमानेस्काने करा. त्या काळी या चालीवर सगळेच वाजवायचे. बास (खालचा सूर) सी, जी, ए, ई असा चालतो आणि वर मेलडी ई, डी, सी, बी अशी उतरते. आता बोटं बघा: सीसाठी चौथी मोकळी आणि सोबत पहिली मोकळी, जीसाठी पाचवी मोकळी आणि चौथीवर दुसरा फ्रेट (दांडीवरची आडवी पट्टी), एसाठी दुसरी मोकळी आणि चौथी मोकळी, ईसाठी तिसरी मोकळी आणि दुसरीवर दुसरा फ्रेट. म्हणजे डाव्या हाताला जवळजवळ कामच नाही! तिसरी जोडी छेडली की वरचा ईपण वाजतो, पण चालतंय, अंगठा हलका ठेवा. दोनदा फिरवून शेवटी दुसरी मोकळी आणि पाचवीवर दुसरा फ्रेट, दोन्ही ए, झालं.

हे हातात बसलं की मुदाराच्या पुस्तकातले चार जोड्यांच्या गिटारचे पीस घ्या. त्याच्या टॅबमध्ये (तारांच्या रेघा आणि फ्रेटचे आकडे असलेलं लेखन) सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, हे डोक्यात ठेवा, नाहीतर सगळं उलटं वाजेल. गिटारची जी, सी, ई, ए चरांगोच्या पाचवी ते दुसरीवर बसते, पण गोची अशी की चरांगोची ए जोडी एक सप्तक खाली आहे, त्यामुळे मेलडी मध्येच दाणकन खाली कोसळते. उपाय सोपा आहे, मेलडीतला ए जोडीवरचा सूर पहिल्या जोडीवर पाच फ्रेट पुढे वाजवायचा, म्हणजे मोकळ्या एचा पाचवा फ्रेट, दुसऱ्याचा सातवा. ए जोडीवरचे मधले भरीचे सूर मात्र जिथल्या तिथे ठेवा, छान घुमतात.

खऱ्या ल्यूटला सहा जोड्या. तिची पाचवी ते दुसरी याच हिशोबाने घ्या, पहिलीसाठी चरांगोच्या पहिल्या जोडीवर दहा फ्रेट पुढे जावं लागतं. तिथे बोटांची फार दाटी होते, म्हणून वरची तार कमी लागणारेच पीस निवडा. सहाव्या जोडीचा बास एक सप्तक वर चढवा किंवा सरळ सोडून द्या, माझं मत विचाराल तर सोडाच, वरची चाल स्वच्छ ऐकू आली पाहिजे.

उजव्या हाताने स्ट्रमिंग विसरा, सलग सूर अंगठा-तर्जनी, अंगठा-तर्जनी असे छेडा, जोरकस सूर अंगठ्याने. नखांपेक्षा बोटाचं मांस जास्त लागू द्या, आणि चरांगोचा आवाज लवकर विरतो म्हणून लय फार संथ ठेवू नका, डाव्या हाताची बोटं पुढचा सूर येईपर्यंत उचलू नका.