युनिटी: मित्राच्या मशीनवर सीन उघडला की 'मिसिंग स्क्रिप्ट' – आमचा उपाय

आम्ही तिघे नोकरी सांभाळून रात्री युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाइल गेम बनवतो. माझ्याकडे नीट चालणारा सीन (गेममधला एक देखावा) दुसऱ्याने गिटवरून (बदल नोंदवून फायली वाटून घ्यायची प्रणाली) पुल केला, म्हणजे उतरवून घेतला, की स्क्रिप्ट (कोडच्या फायली) आणि प्रीफॅबचे (पुन्हा वापरायच्या तयार वस्तू) सगळे दुवे तुटलेले दिसायचे. लायब्ररी फोल्डर (युनिटी स्वतःच पुन्हा तयार करतं ते) उडवलं, रीइम्पोर्ट केलं, दुवे हाताने जोडले. पुढच्या पुलला पुन्हा तेच. दोन शनिवार-रविवार यातच गेले.

कारण आमच्या गिटइग्नोरमध्ये (गिटने कोणत्या फायली वगळायच्या त्याची यादी) होतं: डॉट मेटा फायली, म्हणजे युनिटी प्रत्येक फाइलसोबत ठेवतं त्या छोट्या फायली, वगळलेल्या. फाइलची ओळख (जीयूआयडी) मेटामध्येच असते आणि ती नसली की प्रत्येक मशीन नवी ओळख तयार करतं.

आधी तिघांनी युनिटी बंद केलं. ज्या मशीनवर सीन शाबूत, तिथे गिटइग्नोरमधली मेटाची ओळ काढली. लायब्ररीची मात्र राहू दिली. मग त्याच मशीनवर युनिटी उघडून प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये 'व्हिजिबल मेटा फाइल्स' (मेटा फायली दिसू देणं) आणि 'फोर्स टेक्स्ट' (सीन वगैरे मजकूर रूपात साठवणं) असल्याची खात्री केली. असेट्स, पॅकेजेस, प्रोजेक्टसेटिंग्ज हे तिन्ही फोल्डर मेटांसह कमिट करून (गिटमध्ये नोंदवून) पुश केले, म्हणजे सामायिक जागी पाठवले. बाकीच्यांनी पुल न करता नव्या फोल्डरमध्ये क्लोन (प्रोजेक्टची पूर्ण नवी प्रत) घेतला. हे महत्त्वाचं, कारण जुन्या फोल्डरमधल्या चुकीच्या मेटा पुलला आडव्या येतात.

आता फाइल हलवायची तर युनिटीच्या आतूनच. मेटा सोबत जाते.