डोळ्यांच्या संसर्गावरील चिनी वनौषधी: दाव्यामागचा पुरावा कसा तपासावा

लाल झालेल्या, पाणावलेल्या डोळ्यांसाठी पारंपरिक चिनी वैद्यकात शेवंतीची फुले, हनीसकलच्या कळ्या आणि ‘हुआंग लियान’ ही पिवळी, कडू मुळी शतकानुशतके वापरली जाते. अशा औषधाच्या समर्थनार्थ एखादा अभ्यास पुढे केला गेला, तर सर्वप्रथम एकच गोष्ट पाहावी: ज्यांना ते औषध दिले नाही, त्या रुग्णांचे काय झाले?

विषाणूंमुळे आलेले डोळे बहुधा एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि जिवाणूंमुळे आलेले डोळेही अनेकदा औषधाविना निवळतात. त्यामुळे काढा घेतल्यावर दहा दिवसांत आराम पडला, एवढ्यावरून काढ्याचा गुण सिद्ध होत नाही. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे झाली होती का आणि कोणाला कोणते औषध मिळाले हे तपासणाऱ्या डॉक्टरांपासून लपवले होते का, हे पाहावे. चिनी चाचण्यांत एका गटाला केवळ विषाणूरोधक थेंब आणि दुसऱ्याला थेंबांसोबत वनौषधी देण्याची पद्धत पुष्कळदा आढळते. पहिल्या गटाला औषधासारखाच दिसणारा निष्क्रिय काढा दिलेला नसेल, तर रुग्णाच्या अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. ‘एकूण परिणामकारकता’ या आकड्याबाबत विशेष सावध राहावे, कारण पूर्ण बरे झालेले आणि थोडासाच फरक पडलेले रुग्ण त्यात एकत्र मोजले जातात.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष हा वेगळा विषय आहे. हुआंग लियानमधील बर्बेरिन काचेच्या बशीत जिवाणूंची वाढ रोखते, ही बाब खरी आणि पुढील संशोधनास योग्य आहे. मात्र डोळ्यात घातलेला थेंब अश्रूंबरोबर काही मिनिटांत वाहून जातो आणि काढा प्यायल्यास बर्बेरिनचा अत्यल्प अंश रक्तात पोहोचतो. हिवतापावरील आर्टेमिसिनिनही चिनी वनस्पतीतूनच आले आणि त्याबद्दल चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना 2015 मध्ये नोबेल मिळाले. परंतु त्यासाठी घटक वेगळा काढून, त्याची मात्रा ठरवून, रुग्णांवर चाचण्या घ्याव्या लागल्या होत्या.

अभ्यासात नेमक्या वनस्पती, त्यांचे भाग, मात्रा आणि शुद्धतेची तपासणी नोंदवलेली असावी; चिनी वनौषधींच्या चाचण्यांसाठी अशा नोंदींची स्वतंत्र नियमावली 2017 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. हा आग्रह निव्वळ औपचारिक नाही, कारण 1990च्या दशकात बेल्जियममध्ये एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून दुसरीच मिसळली गेल्याने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली.

आज उपलब्ध असलेला पुरावा, माझ्या मते, प्रतिजैविक किंवा विषाणूरोधक औषध टाळून वनौषधीवर विसंबण्याइतका भक्कम नाही. घरी केलेला काढा किंवा अर्क डोळ्यात कधीही घालू नये, कारण तो निर्जंतुक नसतो. तीव्र वेदना, उजेड सहन न होणे, दृष्टी अंधूक होणे, बुबुळावर पांढरा डाग दिसणे, कॉन्टॅक्ट लेन्सचा वापर किंवा रुग्ण नवजात असणे, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बुबुळावरील काही जंतुसंसर्ग एक-दोन दिवसांतच दृष्टी हिरावून घेऊ शकतात. पोटात घेण्याची वनौषधी आधीच सुरू असेल, तर तिचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे. अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांनी याकडे दुर्लक्ष करू नये, कारण बर्बेरिनमुळे सायक्लोस्पोरिन या, नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते.