पानाचं क्षेत्रफळ काढा पट्टीने: झाडागणिक एक गुणक

सागाचं पान पळसापेक्षा मोठं, हे डोळ्यांनीच कळतं. पण एकाच वावरातल्या दोन वाणांच्या पऱ्हाटीत (कपाशीत) कुणाची पानं मोठी, हे सांगताना डोळा फसतो. नुसत्या लांबी-रुंदीनेही भागत नाही, कारण पान काही चौकोनी नसतं. म्हणून प्रत्येक झाडाचा गुणक, म्हणजे लांबी × रुंदीला ज्याने गुणलं की क्षेत्रफळ मिळतं तो आकडा, एकदा काढून ठेवायचा. पुढे पट्टी पुरते.

खरी गडबड पानं निवडतानाच होते. हाताला येतील ती मोठी पानं तोडली की तुलना तिथेच बिघडते. पूर्ण उघडलेली, न किडलेली, शेंड्यापासून तिसरी-चौथी अशी १० पानं घ्या. दोन्ही झाडांवर जागा तीच हवी. दुपारपर्यंत पानं कोमेजून कडा वळतात, म्हणून सकाळी तोडून लगेच मोजा.

लांबी देठ जिथे पात्याला मिळतो तिथून टोकापर्यंत. देठ धरायचा नाही. रुंदी सगळ्यात रुंद जागी, मधल्या शिरेला काटकोनात.

आता पान आलेखकागदावर सपाट ठेवून कडेने पेन्सिल फिरवा. १ सेंमीच्या चौकोनांत पूर्ण आणि अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन १ धरा, बरोबर अर्धा असेल तर ०.५, त्याहून कमी असेल तर सोडून द्या. कडुलिंबाच्या बारीक पर्णिकांना (एका पानाच्या सुट्या छोट्या पात्यांना) हे चौकोन मोठे पडतात. तिथे मिलीमीटरचे मोजा.

समजा पळसाची मधली पर्णिका १५ सेंमी लांब, १४ सेंमी रुंद आहे आणि चौकोन भरले १६०. १५ × १४ = २१०; १६० ÷ २१० = ०.७६, हा गुणक. पाच पर्णिकांची सरासरी घ्या. यापुढे लांबी × रुंदी × ०.७६ केलं की झालं. पळसाच्या बाजूच्या दोन पर्णिका तिरकस असतात, त्यांचा गुणक वेगळा काढा.

पडताळा सोपा आहे: लंबगोलाचा गुणक ०.७८५, त्रिकोणाचा ०.५. आंब्यासारख्या अखंड पानाचा ०.९ आला तर रुंदी चुकीच्या जागी घेतली असणार. पऱ्हाटीला मात्र हा पडताळा लावू नका. तिचं पातं देठाच्या मागेही पसरतं आणि लांबीत तो भाग येत नाही. देशी कपाशीच्या खोल खाचांमुळे वाणागणिक गुणकही बदलतो.

चौकोन मोजायचा कंटाळा असेल तर कागदावरची आकृती कापून ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. त्याच कागदाचा १० × १० सेंमीचा तुकडाही तोला. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) असेल तर ०.८ ग्रॅम भरतो. आकृती १.२ ग्रॅम भरली तर पान १५० चौ. सेंमी.

तुलनेत सरासरीबरोबर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं पानही लिहा. एका झाडाची पानं ४० ते ६० चौ. सेंमी आणि दुसऱ्याची ४५ ते ६५ असतील, तर १० पानांवरून निकाल देऊ नका. आणखी २० मोजा. आंब्याची सावलीतली पानं सहसा मोठी पण पातळ असतात. सावलीतल्या आणि उन्हातल्या पानांचे ३ × ३ सेंमीचे तुकडे, मधली शीर टाळून कापलेले, तोलून पाहिले की हा फरकही आकड्यात दिसतो.