ब्लॉक वाढले, माणसे तेवढीच: ऊतक प्रयोगशाळेतील माझा अनुभव

आमच्या हिस्टोपॅथॉलॉजी (रुग्णाच्या ऊतकाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) प्रयोगशाळेत स्लाइड दुपार उलटल्याशिवाय तयार होत नसत, आणि याचे कारण अपुरे मनुष्यबळ हेच आहे, अशी माझी पक्की समजूत होती. आठवडाभर प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवल्यावर दिसले की, ऊतकातले पाणी काढून त्यात मेण भरणाऱ्या, रात्रभर चाललेल्या टिश्यू प्रोसेसर यंत्रामधून सगळ्या कॅसेट (ऊतकाचे तुकडे ठेवलेल्या छोट्या डब्या) सकाळी एकदमच बाहेर येत, एम्बेडिंगपाशी, म्हणजे तुकडे मेणात बसवून त्यांचे ब्लॉक (मेणाच्या वड्या) करण्याच्या टप्प्यापाशी, गर्दी होई आणि ब्लॉकचे पातळ काप घेणाऱ्या मायक्रोटोम यंत्रावरचे तंत्रज्ञ ब्लॉकची वाट पाहत बसत. शिवाय आम्ही काम रुग्णसंख्येवर मोजत होतो. वास्तविक लहान बायोप्सीचा अनेकदा एकच ब्लॉक होतो, तर कर्करोगाच्या मोठ्या नमुन्याचे वीसहून अधिक होऊ शकतात. मग मोजणी ब्लॉकवर आणली, एका तंत्रज्ञाची पाळी पहाटे सुरू केली आणि लहान बायोप्सींसाठी प्रोसेसरचे छोटे चक्र दिवसा लावले, त्यामुळे त्यांचे ब्लॉक संध्याकाळीच तयार होऊन सकाळी मायक्रोटोम रिकामा राहिला नाही. ३ ते ५ मायक्रॉनचे काप घाईने घेण्याच्या फंदात मात्र पडलो नाही, कारण सुरकुतलेला काप पुन्हा घ्यावाच लागतो. नवी नेमणूक न करता बायोप्सींच्या स्लाइड दुपारपूर्वी मिळू लागल्या. पहाटेच्या पाळीवरची कुरकुर तेवढी आठवड्याची आळीपाळी ठरेपर्यंत चालू राहिली.