पावसाळ्यात प्रदर्शन लावायचंय, तर आधी हे बघून घ्या

आपल्या वाचनालयावरच्या कलादालनात यंदा लागोपाठ दोन प्रदर्शनं आहेत, श्रावणात जलरंग आणि छापचित्रं (ठशावरून कागदावर छापलेली चित्रं), गणपती झाले की व्हिडिओ आणि मांडणशिल्प (वस्तू जागेत मांडून केलेलं काम), तर मदतीला येणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून ठेवतोय.

आधी भिंत. कोल्हापूरच्या पावसात बाहेरच्या बाजूची भिंत आतून ओल धरते, म्हणून तळहात लावून बघा, गार-दमट लागली तर तिथं कागदावरचं काम अजिबात नको, बुरशीचे तांबूस ठिपके पडले की ते सहजासहजी जात नाहीत. बाकीच्या भिंतींवरही फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. काच चित्राला टेकायला नको, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच आणि तो ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) घ्या, पैसे जास्त जातात पण साध्या पुठ्ठ्यानं कागद पिवळा पडतो.

कॅनव्हासला थेट बबल रॅप गुंडाळू नका हं. ॲक्रिलिक रंग उकाड्यात मऊ पडतो आणि बुडबुड्यांचे गोल ठसे उमटतात, माझ्या एका कामावर अजून दिसतात. आधी ग्लासिन पेपर (गुळगुळीत पातळ कागद), मग बबल रॅप. काम ताब्यात घेताना चित्रकारासमोरच पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचावर असा सर्वसाधारण हिशोब असतो, पण आपल्याकडं शाळेची पोरं जास्त येतात म्हणून मी ५४ धरतो. चित्र २४ इंच उंच आणि ताणलेली तार वरच्या कडेपासून ३ इंच खाली असेल तर ५४ अधिक अर्धी उंची १२ वजा ३, म्हणजे खिळा ६३ इंचावर. पाणसळ, मेजरटेप, पेन्सिल, गिट्ट्या, जादा तार आदल्या दिवशीच पिशवीत भरून ठेवा.

आता लेबलं, आणि यात कृपा करून घाई नको. ज्या गावात चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलाव रंगवला तिथल्या लोकांना निसर्गचित्र सांगावं लागत नाही, पण नव्या कामासमोर येऊन ‘मिक्स मीडिया’ एवढंच वाचलं की माणूस पुढं सरकतो. त्यापेक्षा ‘जुनी सुती साडी, कोळसा, डिंक’ असं लिहा, बायका थांबून जवळून बघतात, मी बघितलंय. छापचित्राखाली पेन्सिलीनं ३/१० लिहिलेलं असतं, ते दहा प्रतींमधली तिसरी प्रत आहे हेही साध्या शब्दांत लिहा, नाहीतर लोकांना ते मार्क वाटतात. नाव, साहित्य, आकार, वर्ष, किंमत, सगळं मराठीत आणि मोठ्या टायपात, आजोबांना चष्मा न शोधता वाचता आलं पाहिजे.

व्हिडिओसाठी फाईल दोन पेनड्राइव्हवर घ्या आणि रिपीट चालू करून निदान तासभर चालवून बघा, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर किती वेळ टिकतो तेही आधीच तपासा. मांडणशिल्पाला हात लावायचा की नाही हे कलाकाराला विचारून तिथंच लिहून लावा.

उद्घाटनाची समई दाराशी, चित्रांपासून लांब. अभिप्रायाची वही, दोन चालणारी पेनं, ओल्या छत्र्यांसाठी बाहेर बादली. आणि संध्याकाळी ६ ते ८ ला दालनात दोघं तरी पाहिजेत, एकानं दाराशी बसायचं, दुसऱ्यानं आत येणाऱ्यांशी बोलायचं.